नाकाच्या उंचीवरची हवा

चंद्रपूरहून दुर्गापूरमार्गे मोहर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर थंडीच्या दिवसांत सकाळी साडेसहा-सातला दोन प्रकारचे सायकलस्वार दिसतात. एकाच्या डोक्यावर हेल्मेट, सायकलला गिअर, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ. ताडोबाच्या दिशेने लांब फेरी मारून तो नऊपर्यंत घरी पोचेल. दुसऱ्याच्या हँडलला डबा आणि डोक्याला दुपट्टा. तो रात्रपाळी उरकून घरी निघालेला असतो, नाहीतर पहिल्या पाळीला चाललेला. दोघांच्या शेजारून एकच हायवा ट्रक जातो आणि दोघेही एकच धूळ गिळतात. सायकलस्वाराच्या छातीत किती प्रदूषण जाते यावर गेल्या वीसेक वर्षांत जगभर भरपूर काम झाले, पण त्यातले बहुतेक पहिल्या माणसाला समोर ठेवून झाले. ते काम आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या रस्त्यांवर आणले तर कुठे टिकते आणि कुठे तुटते, हे पाहायला हवे.

आधी जे ठाम आहे ते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. बऱ्यापैकी वेगाने सायकल चालवताना हाच आकडा तीस-चाळीस लिटरवर जातो. दम लागला की श्वास तोंडाने सुरू होतो, नाकाची नैसर्गिक गाळणी चुकते आणि कण खोलवर पोचतात. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१० मध्ये त्याच रस्त्यांवरचे सायकलस्वार आणि मोटारीतले प्रवासी यांची तुलना केली, तेव्हा सायकलस्वार मिनिटाला सरासरी ४.३ पट हवा घेत असल्याचे आढळले. लंडनमधल्या २०११ च्या एका छोट्या अभ्यासात सायकलने कामावर जाणाऱ्यांच्या श्वसनमार्गातल्या पेशींत चालत जाणाऱ्यांच्या २.३ पट काजळी सापडली. थोडक्यात, एकाच हवेतून जाणाऱ्यांत सायकलवाला सर्वांत जास्त घेतो.

मग सायकल सोडून द्यावी का? नेदरलँडमधल्या संशोधकांनी २०१० मध्येच याचा हिशेब मांडला. मोटार सोडून सायकल धरणाऱ्याचे आयुष्य व्यायामामुळे ३ ते १४ महिन्यांनी वाढते. जास्तीच्या प्रदूषणामुळे ते ०.८ ते ४० दिवसांनी आणि अपघातांमुळे ५ ते ९ दिवसांनी घटते. म्हणजे सौदा फायद्याचा. २०१६ मध्ये केंब्रिजच्या गटाने हाच हिशेब जगभरच्या शहरांना लावला. हवेत पीएम २.५ हे सूक्ष्म कण घनमीटरमागे २२ मायक्रोग्रॅम असतील (जगातल्या शहरांची सरासरी त्यांनी एवढी धरली होती), तर रोज सात तास सायकल चालवल्यावर कुठे आणखी चालवण्याचा फायदा थांबतो. पण कणांचे प्रमाण १०० असेल, तर दीड तासानंतरच तोटा फायद्याच्या पुढे जातो. दीड तास हा आकडा मोहर्लीकडे फेरी मारणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मात्र या हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे. तुलना केली जाते ती सायकल न चालवणाऱ्या, एरवी बसून काम करणाऱ्या माणसाशी. व्यायामाचा फायदा सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या अर्ध्या तासाचा फायदा मोठा, पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाचा कमी. बँकेत बसणाऱ्याला रोजची सायकल म्हणजे औषधच. खाणीत किंवा वीज केंद्रात आठ तास अंगमेहनत करणाऱ्याला वरच्या अर्ध्या तासाच्या सायकलीने व्यायामाचा फायदा फारसा मिळत नाही, धुळीचा तोटा मात्र पूर्ण मिळतो. शिवाय त्याच्यापुढचा पर्याय मोटार नसतोच. पर्याय असतो पायी जाण्याचा, म्हणजे त्याच हवेत आणखी वेळ घालवण्याचा. किंवा हप्त्यावर मोटारसायकल घेण्याचा, म्हणजे तीच हवा थोडा वेळ घेऊन रस्त्यावरच्या धुरात स्वतःची भर घालण्याचा. ज्याच्या तराजूत पारडे वेगळे बसते, त्याच्यासाठी कोणी तराजू मांडलेला नाही. आणि हा माणूस थोडाथोडका नाही. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामकरी लोकांपैकी १३ टक्के सायकलने कामावर जात होते. मोटारसायकल-स्कूटरवाल्यांचे प्रमाण १२.७ टक्के, म्हणजे तेव्हा जरा कमीच होते.

आता चंद्रपूरची हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्यानंतर चौथा क्रमांक चंद्रपूरचा लागला. शंभरपैकी ८३.८८ गुण, आणि इथे जास्त गुण म्हणजे जास्त वाईट. जानेवारी २०१० मध्ये केंद्राने अशा पट्ट्यांतल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या काही काळ थांबवल्या. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हवेचे मानक सलग पाच वर्षे न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत चंद्रपूर होतेच. त्या यादीत मुंबई-पुण्यासारखी शहरे आहेत. त्यांच्या रांगेत २०११ च्या जनगणनेनुसार सव्वातीन लाखांच्याही आतल्या वस्तीचे चंद्रपूर बसते, यातच सगळे आले.

कारणे उघड आहेत. शहराच्या उत्तरेला महाऔष्णिक वीज केंद्र आहे. दोन जुने संच बंद केल्यावरही त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्याला लागून दुर्गापूर, पद्मापूर आणि भटाडीच्या उघड्या खाणी. दक्षिणेला लालपेठ, पुढे बल्लारपूर आणि वर्धा नदीपलीकडे सास्ती. पश्चिमेला घुग्घुस, जिथे कोळसा, सिमेंट आणि स्पंज आयर्न एकाच गावात नांदतात. शिवाय गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीचे सिमेंटचे पट्टे. पण सायकलस्वाराच्या नाकात जाते ते थेट चिमणीतून आलेले नसते. चिमण्या उंच असतात, त्यांचा धूर दूरवर पसरतो आणि तो सगळ्या जिल्ह्याचा प्रश्न असतो. त्यातला सल्फर डायऑक्साइड हवेतच सूक्ष्म कणांत बदलतो. तो रोखणारी यंत्रणा बसवायचे नियम डिसेंबर २०१५ मध्ये निघाले, मुदती पुढे ढकलल्या गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना त्यातून सूट मिळाली. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित पट्ट्यातल्या केंद्रांचा निर्णय प्रकरणागणिक होणार आहे. सायकलस्वाराचा रोजचा सामना असतो तो रस्त्यावर सांडलेल्या कोळशाशी, राखेशी आणि मुरमाशी. ट्रकमधून सांडलेला चुरा डांबराच्या कडेला साचतो. पुढचा ट्रक तो दळतो, त्याच्या मागचा उडवतो. आणि सायकल चालते ती नेमकी त्या कडेवरच.

घुग्घुस रस्ता, पडोलीची चौफुली, बल्लारपूर रस्ता, पद्मापूर फाटा या ठिकाणी साइडपट्टीचा रंगच सांगतो की इथून काय वाहून नेले जाते. शहरात शिरल्यावर तऱ्हा बदलते. गोंडकालीन परकोट आजही शाबूत आहे आणि जटपुरा दरवाजातून दुचाक्या, रिक्षा, मोटारी रांगेत सरकतात. तिथे धूळ कमी, पण थांबून थांबून चालणाऱ्या इंजिनांचा धूर जास्त. सायकलवाला त्या रांगेत एखाद्या जुन्या डिझेल रिक्षाच्या नळीमागे उभा असतो. जटपुऱ्यातली काजळी आणि पद्मापूर रस्त्यावरची भरड धूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत; सरकारी कागदांत दोन्ही ‘धूलिकण’ या एकाच रकान्यात जातात.

मोजमापाचेही तसेच. प्रदूषण नियंत्रण मंडळाची चंद्रपुरात दोन स्वयंचलित केंद्रे आहेत, एक शहरात आणि एक खुटाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत. आकडे रोज जाहीर होतात, ही चांगली गोष्ट. पण नियमाप्रमाणे केंद्राचे हवा ओढणारे तोंड जमिनीपासून तीन ते दहा मीटर उंच ठेवतात आणि ते रस्त्याच्या अगदी लगत नसावे अशी अपेक्षा असते, कारण त्याला शहराची सर्वसाधारण हवा मोजायची असते. सायकलस्वाराचे नाक दीड मीटरवर आणि ट्रकच्या चाकापासून हातभर अंतरावर. त्यातून धूलिकणांचा निर्देशांक निघतो चोवीस तासांच्या सरासरीवर. पाळी सुटण्याच्या वेळचा अर्धा तास त्या सरासरीत विरघळून जातो. रस्त्यावरच्या सायकलस्वारासाठी केंद्राचा आकडा खोटा नसतो, पण तो त्याचा नसतो. मानकांचेही एक सांगायला हवे. आपल्याकडे पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. मर्यादेत आहोत असे ऐकून फार हुरळून जाण्यात अर्थ नाही.

हवा बदलते ती घड्याळाप्रमाणे, आणि या भागात सायकलची खरी अडचण तीच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते आणि वर उबदार थर झाकणासारखा बसतो. त्याखाली वस्त्यांमधल्या कोळशाच्या सिगड्यांचा, जळत्या कचऱ्याचा आणि रात्रभर चाललेल्या ट्रकांचा धूर अडकून राहतो. ऊन वर आले की झाकण फुटू लागते. पण त्याच तासाभरात उंच चिमण्यांचा वर तरंगत राहिलेला धूर ढवळून खाली येण्याचीही शक्यता असते. म्हणजे हिवाळ्यात सर्वांत वाईट हवा पहाटे, त्यानंतरची सकाळ जेमतेम, आणि बरी हवा दुपारी बारा ते चार. नेमक्या उलट वेळी सारे चंद्रपूर फिरायला आणि सायकल चालवायला बाहेर पडते. पहाटेची हवा शुद्ध असते ही समजूत गावात खरी असेल. कोळशाच्या शहरात डिसेंबरमध्ये ती धोक्याची आहे. हौशी मंडळींना हे सांगितले की वाईट वाटते, पण त्यांनी हिवाळ्यात आपली फेरी रविवारच्या दुपारी ठेवलेली बरी.

उन्हाळ्यात सगळे उलटते. मेमध्ये पारा ४७-४८ अंशांपर्यंत जाणाऱ्या या जिल्ह्यात दुपारची सायकल हा विचारच नको. हवेचे तापमान त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा जास्त झाले की सायकलच्या वेगाने लागणारा वारा अंग गार करत नाही, उलट तापवतो; सगळी भिस्त घामावर. त्यातच कडक उन्हात वाहनांच्या धुरापासून ओझोन तयार होतो. तो दुपारी वाढतो, छातीत जळजळ करतो आणि कुठल्याही कापडी मास्कने अडत नाही. म्हणून मार्च ते जून सकाळी आठच्या आत. पावसाळ्यात हवा वर्षातली सर्वांत स्वच्छ असते, धूळ बसते, पण तेव्हा साइडपट्टीचा चिखल होतो आणि जुलै २०२२ सारखा पूर आला की रस्तेच पाण्याखाली जातात.

आणि तिसरे घड्याळ वाघाचे. जगातल्या कुठल्याही सायकल-आराखड्यात हा रकाना नसेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्रात काम संपवून रात्री सायकलने घरी निघालेल्या एका कंत्राटी कामगाराला केंद्राच्याच परिसरात वाघाने मारले. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाची सीमा इथून दूर नाही, बंद खाणींच्या ढिगाऱ्यांवर उगवलेली झाडी वाघ-बिबट्यांना लपायला पुरते आणि दुर्गापूर-ऊर्जानगरच्या लोकांनी त्याची किंमत वारंवार मोजली आहे. आवाज न करणारे, खाली वाकून चाललेले माणूस अंधारात जनावराला नीट ओळखू येत नाही, असे वनखात्यातले लोक सांगतात. मूल रस्त्यावरच्या लोहाऱ्यापासून चिचपल्लीपर्यंतच्या जंगलातही पहाटेपूर्वी आणि दिवेलागणीनंतर एकट्याने सायकल चालवू नये, हा सल्ला तिथे कोणालाही पटवून द्यावा लागत नाही.

ही तीन घड्याळे एकावर एक ठेवून पाहावीत. हिवाळ्यात हवा सांगते पहाटे नको, वाघही सांगतो पहाटे नको. उन्हाळ्यात ऊन सांगते पहाटेच जा, वाघ सांगतो उजाडल्याशिवाय नको. हौशी माणसाला यातून एखादी फट सापडते. पाळीवाल्याला नाही, कारण त्याचे चौथे घड्याळ फाटकावर लावलेले असते.

वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरले की चित्र बदलते. राज्यात सर्वांत घनदाट जंगलाचा हा जिल्हा. हवा चंद्रपूरपेक्षा कितीतरी बरी. इथली सायकल मुलींची आहे. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना सायकली मिळतात, आणि सकाळी दहाच्या सुमारास कुठल्याही मोठ्या गावच्या रस्त्यावर निळ्या-पांढऱ्या गणवेशाची रांग सायकलींवर दिसते. राज्यातल्या योजनांत इतका सरळ गुण देणाऱ्या योजना थोड्या आहेत. अडचण रस्त्याची आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाचा पट्टा २००७ मध्ये दिला गेला, पण नक्षलवाद्यांच्या विरोधामुळे (डिसेंबर २०१६ मध्ये तिथे कित्येक ट्रक जाळले गेले) खाण नियमित चालू झाली ती २०२१ पासून. २०२३ मध्ये तिला वर्षाला एक कोटी टन खनिज काढायची परवानगी मिळाली. एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या जंगलाच्या रस्त्यावरून ते खनिज ट्रकने वाहू लागले. रस्त्याकडेच्या सागाच्या पानांवर तांबडा थर दिसू लागला तो तेव्हापासून, आणि त्याच रस्त्यांवर शाळेच्या सायकली आहेत. वाढत्या वयाच्या मुलीचे फुफ्फुस अजून घडत असते आणि वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेते. तिच्या बाबतीत तिथे धुळीआधी भीती असते ती चाकाची, हेही खरे.

२०२५ मध्ये सुरजागडजवळच्या हेडरीहून कोनसरीच्या पोलाद प्रकल्पापर्यंत खनिजाचा गाळ नळातून नेणारी सुमारे ८५ किलोमीटरची वाहिनी सुरू झाली. ट्रक कमी होतील असे सांगितले जाते. उत्पादन वाढले तर कमी झालेले ट्रक पुन्हा भरून येऊ शकतात, तेव्हा हे मोजून पाहणेच बरे. वाहिनीआधी आणि वाहिनीनंतर त्याच रस्त्यावर त्याच वेळेला दीड मीटर उंचीवर किती धूळ होती आणि किती राहिली, एवढा एक अभ्यास गोंडवाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनाही करता येईल. स्वस्त संवेदक आता सायकलच्या हँडलला बांधता येतात. त्यांचा आकडा अगदी बिनचूक नसतो, पण प्रदूषण मंडळाच्या केंद्राशी ताळा घेऊन तो सुधारता येतो, आणि कोणत्या रस्त्यावर कोणता अर्धा तास वाईट हे सांगायला तेवढे पुरते.

गडचिरोलीचा दुसरा धूर मार्च-एप्रिलचा. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तो वणवा जंगलात शिरतो आणि आठ-पंधरा दिवस दऱ्यांमधून निळसर धूर उभा राहतो. झाडाखाली जाळी अंथरून फुले गोळा केली तर हे टळते. वनखाते हे वर्षानुवर्षे सांगते; जाळ्या पुरेशा वाटल्या जात नाहीत.

सायकलचा आणि या मातीचा संबंध आजचा नाही. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे १९८५-८६ मध्ये भारत जोडो यात्रेला निघाले, तेव्हा पाठीच्या दुखण्यामुळे ते स्वतः वाहनात झोपून होते आणि बरोबरची शेकडाभर तरुण मुले कन्याकुमारीपासून काश्मीरकडे सायकलवर होती. आज त्या वरोऱ्यातही औष्णिक केंद्र आहे.

उपायांमध्ये मास्क सर्वांत आधी सुचतो आणि सर्वांत कमी उपयोगी पडतो. दुपट्टा किंवा ओढणी भरड धूळ अडवते, सूक्ष्म कण नाही. एन-९५ दोन्ही अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच, आणि चाळीस अंशांत चढ चढताना तो कोणी घट्ट ठेवत नाही. पुण्याने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, मार्ग रंगवले आणि त्यातल्या बऱ्याच मार्गांवर गाड्या उभ्या राहिल्या. चंद्रपूरला त्याची नक्कल करण्याचे कारण नाही. इथे हवी आहे खाण आणि वीज केंद्राच्या फाटकांपासून वस्त्यांपर्यंत मुख्य डांबरापासून वेगळी, दोन-तीन मीटर अंतरावरची पक्की पट्टी, मध्ये कडुलिंब-करंजाची ओळ. परदेशांतले अभ्यासही हेच सांगतात की वाहनांपासून काही मीटर बाजूला सरकले तरी काजळीचा मारा कमी होतो. झाडांची ओळ धूळही झेलेल आणि मेमध्ये सावलीही देईल. त्या पट्टीवर दिवे असतील तर वाघाचाही थोडा बंदोबस्त होईल.

पैसा नाही असे म्हणता येत नाही. स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या खर्चाचा सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये ताळेबंद मांडला, तेव्हा देशभरात ६४ टक्के रक्कम रस्त्याच्या धुळीवर गेल्याचे दिसले. उद्योगांच्या वाट्याला १ टक्काही आला नाही. धुळीवर खर्च करू नये असे नाही. पण ती धूळ सांडणारा ट्रक तसाच सोडून मागून झाडूचे यंत्र फिरवणे म्हणजे खर्चाचा देखावा झाला. ताडपत्री नीट बांधणे, फाटकातून बाहेर पडताना चाके धुणे, क्षमतेपेक्षा जास्त न भरणे हे नियम कागदावर आहेत. त्यांची अंमलबजावणी फाटकावर करायची असते, चौकात नाही. आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी खनिजाच्या ट्रकांना तासभर थांबवायला तर पैसाही लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचा एक आदेश लागतो.

हौशी सायकलस्वारांच्या क्लबांनी एक काम अंगावर घ्यावे. त्यांच्याकडे मोजण्याची साधने आहेत, मोबाइलवर नोंदी आहेत, अधिकाऱ्यांपर्यंत पोच आहे. या हिवाळ्यात प्रत्येकाने एक संवेदक पाळीवर जाणाऱ्या एखाद्या कामगाराच्या हँडलला बांधावा, महिनाभराचे आकडे गोळा करावेत आणि ते महापालिकेच्या पुढच्या स्वच्छ हवा बैठकीत टेबलावर ठेवावेत.